आलमारीचं कूळ

झाडीपट्टीत जुनं काही निघालं की ते भोसल्यांचं असतं. तलवार निघाली तर भोसल्यांची, हंडा निघाला तर भोसल्यांचा, आणि नांगराच्या फाळाला एखादं नाणं लागलं तर ते भोसल्यांच्या खजिन्याच्या बंडीतून सांडलेलं. नागऱ्यात आमच्या घरी कोरीव कामाची एक आलमारी आहे. तीही अर्थात भोसल्यांचीच.

नागरा गोंदियापासून चार-पाच किलोमीटरवर, बालाघाटच्या वाटेवर. महादेवाचं जुनं देऊळ ही गावाची ओळख, आणि महाशिवरात्रीची जत्रा ही वर्षाची खूण. जत्रेला आलेले पाहुणे देवळातून घरी येत, चहा घेत आणि आलमारीसमोर उभे राहत. दुसऱ्या दर्शनाची ही पद्धत माझ्या लहानपणी इतकी रुळलेली होती, की आलमारीलाही कुणीतरी कुंकू लावून जाई.

उंची माणसाच्या डोक्याच्या वर हातभर. दोन दारं. दारांवर द्राक्षांचे वेल, मध्ये पोपट, कडेनं कमळपाकळ्यांची नक्षी. खाली खरादावर काढलेले गोल पाय, पायांच्या टोकाला सिंहाचे पंजे. आत एक आरसा, त्याखाली तीन खण. आणि सगळ्यांच्या वर मुकुटासारखी एक जाड पट्टी: मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना सोंड उचललेले हत्ती. आत आजीची लुगडी, पितळेची गंगाळं, शेतीचे कागद आणि ज्याचं काय करायचं हे ठरलेलं नाही असं बरंच काही. आरसा बेल्जियमचा. विदर्भातल्या जुन्या घरातला प्रत्येक आरसा बेल्जियमचाच असतो; बेल्जियमनं दुसरं काही केलं असेल की नाही, अशी शंका यावी.

आजीची गोष्ट अशी. इंग्रजानं नागपूरचं राज्य खालसा केलं, वाड्यातलं सामान लिलावात काढलं, तेव्हा राणी म्हणाली, सामान हलवाल तर वाडा पेटवीन. आणि तिनं पेटवला. आगीतून जे वाचलं ते लोकांनी बाहेर काढलं. त्यातली ही आलमारी. आपल्या घरच्या कुणी पूर्वजानं बंडीत घालून वैनगंगेच्या उतारावरून आणली. "भोसल्याच्या वाड्यातली होय ते, बाबू," आजी म्हणे, "जळता जळता वाचली." पुरावा म्हणून ती वरच्या पट्टीच्या मागे बोट फिरवी आणि काळं झालेलं बोट दाखवी.

मोठेपणी पुस्तकं वाचली तेव्हा वाटलं होतं, की आजीची गोष्ट पहिल्याच फटक्यात कोसळेल. ती कोसळली नाही. तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 ला वारले, औरस वारस नव्हता, आणि डलहौसीनं राज्य घशात घातलं. सीताबर्डीला हत्ती, घोडे, बैल मातीमोल भावानं विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. जॉन के या इंग्रज इतिहासकारानं सत्तावनच्या उठावाचा इतिहास लिहिताना हा प्रसंग सांगितला आहे. वृद्ध बांकाबाईंनी, सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी दिली होती आणि तरी सामान हलवलं गेलं, असं तो लिहितो. म्हणजे राणी खरी, धमकी खरी, लिलाव खरा. आग मात्र तेव्हा लागली नाही. ती लागली 1864 मध्ये. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीव कामानं भरलेला तो राजवाडा तेव्हा जळाला आणि मागे राहिला तो मुख्यतः नगारखाना. आजीनं, किंवा तिला सांगणाऱ्या तिच्या सासूनं, धमकी आणि आग यांच्यामधली दहा वर्षं काढून टाकली होती. गोष्ट म्हणून ते बरोबरच होतं. राणीनं धमकी दिली आणि काहीच झालं नाही, दहा वर्षांनी आपोआप आग लागली, असं कुठली आजी सांगेल?

मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आजीची गोष्ट ऐकून हसत. ते रेल्वेत होते. आजन्म त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू रेल्वेनं आलेली होती. त्यांची गोष्ट: ही आलमारी कलकत्त्याची, कुणा साहेबाची. साहेब विलायतेला परत जाताना बंगल्यातलं सामान फुंकून टाकत, तेव्हा आजोबांनी उचलली. "आलमारीचे पाय पाहा," ते म्हणत, "सिंहाचे पंजे. भोसला सिंहाच्या पंजावर लुगडी ठेवील का?" हा युक्तिवाद मला तेव्हा बिनतोड वाटायचा, आणि आता विचार केला तर तो अगदीच टाकाऊ नव्हता. बंगाल-नागपूर रेल्वेला ते प्रेमानं 'बी नेव्हर रेग्युलर' म्हणत, आणि ती उशिरा का होईना पण सगळं आणते, असं वर सांगत.

आणि तिसरी गोष्ट गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराची, ज्यांना सगळे मिस्त्री काका म्हणत. ते फार बोलत नसत. दोन्ही गोष्टी ऐकून घेत आणि एवढंच म्हणत, "समोरून काय पाहता जी? मागून पाहा."

मागून पाहायला माझं निम्मं आयुष्य गेलं. आलमारी भिंतीला टेकलेली आणि हलवायची तर आत दोन पिढ्यांचा ऐवज. शेवटी घराची भिंत खचली म्हणून ती ओढावी लागली, आणि मिस्त्री काका तोवर फार थकले होते, तरी काठी टेकत आले. त्या दुपारी त्यांनी जे दाखवलं ते मी नंतर पुस्तकांशी ताडून पाहत गेलो. पुस्तकांनी फारशी भर घातली नाही.

समोरचं कोरीव काम खोटं बोलू शकतं, कारण ते बघणाऱ्यासाठीच केलेलं असतं. मागच्या फळ्या कुणासाठीच नसतात. तिथे कारागीर घाईत असतो, स्वस्त लाकूड वापरतो, हत्याराच्या खुणा पुसत नाही. आमच्या आलमारीच्या मागच्या फळ्यांवर करवतीच्या खुणा सरळ, तिरक्या, कमीजास्त अंतरावर होत्या. म्हणजे ओंडका आडवा टाकून एक माणूस वर, एक खाली, असा हातांनी चिरलेला. गिरणीच्या गोल करवतीनं चिरलं असतं तर कमानीसारखे वळसे दिसले असते. यावरून आलमारी फार जुनी असं मी लगेच म्हणालो. मिस्त्री काकांनी मान हलवली. आराकश आपल्याकडे त्यांच्या तरुणपणापर्यंत होतेच. हातानं चिरलेली फळी म्हणजे जुनी फळी, असं काही नाही.

मग त्यांनी बिजागरीचा एक स्क्रू काढायला लावला. तो टोकदार निघाला. हा टोकदार स्क्रू जगात उशिरा आला. 1850 च्या आधीचे स्क्रू टोकाला बोथट असत. आधी भोक पाडून मग ते बसवावे लागत. टोकाचा, आपला आपण लाकडात शिरणारा स्क्रू यंत्रावर घडू लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून निघून झाडीपट्टीतल्या सुताराच्या पेटीत पोहोचायला त्याला आणखी बराच काळ लागला असणार. स्क्रू बदललेलेही असू शकतात, म्हणून आम्ही भोक पाहिलं. भोक एकच, आणि ते याच स्क्रूच्या मापाचं. मागच्या फळ्यांना तारेचे गोल खिळे होते, लोहाराचे चौकोनी नव्हेत. खणांचे कोपरे डोव्हटेलचे, हातानं कापलेले, पण तळाला पातळ फळी. प्लायवूड कुठेही नाही. एवढ्यावरून आलमारीचा काळ एका मुठीत आला: रेल्वे आल्यानंतरचा, प्लायवूडचं राज्य सुरू होण्याआधीचा. भोसल्यांचा लिलाव त्या मुठीच्या बाहेर राहिला.

रेल्वे इथे 1880 च्या सुमारास आली, नागपूर-छत्तीसगड नावाची, मीटर गेजची. 1887 मध्ये बंगाल-नागपूर कंपनी निघाली, तिनं ती लाइन घेतली आणि रुंद केली. पुढे 1905 पर्यंत गोंदियाहून सातपुड्यातून जबलपूरपर्यंत छोटी गाडी गेली. मोठ्या बाबांना हे सारं तोंडपाठ होतं आणि ते ऐकून त्यांना वाटलं आपण जिंकलो.

ते जिंकले नाहीत, कारण लाकूड. दारं सागाची, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. हाताला किंचित तेलकट लागणारं, घासलं की कातड्यासारखा वास येणारं. पण साग सगळीकडचा. चांद्याचा साग नावाजलेला, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही तो बल्लारपूरहून गेला. ब्रह्मदेशाचा साग कलकत्त्यात गल्लोगल्ली. सागावरून गाव कळत नाही. सागाची वाढीची वलयं मोजून जुन्या पावसाळ्यांचा अंदाज घेणारे शास्त्रज्ञ पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आहेत, पण त्यांना आडवा छेद लागतो, आणि आलमारीचा आडवा छेद घेऊ देणारी सून आमच्या घरात अजून आलेली नाही.

मागच्या फळ्या मात्र सागाच्या नव्हत्या. मिस्त्री काकांनी खालच्या बाजूनं, जिथे कधी कुणाची नजर जाणार नाही तिथून, पटाशीनं एक कपचा काढला. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात टाकला आणि म्हणाले, सकाळी बघू. सकाळी पाणी पिवळसर झालं होतं आणि पेला उन्हात धरला की कडेला निळी झाक मारत होती. बीजा. या लाकडाच्या पेल्यात रात्री ठेवलेलं पाणी मधुमेहाला चांगलं म्हणून आमच्याकडे अजून पितात. गुण येतो की नाही ते पिणाऱ्यांना ठाऊक, पण निळी झाक खोटी नाही. नवेगाव, नागझिरा, देवरीकडच्या जंगलात बीजा सागाच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो, आणि जिथे साग वापरणं परवडत नाही तिथे तो वापरतात. कलकत्त्याच्या दुकानातल्या साहेबी आलमारीला पाठीशी बीजा कोण लावील? ज्याच्या अंगणात बीजा पडलेला आहे तोच.

म्हणजे आलमारी इथलीच. मिस्त्री काका आता बोलू लागले. त्यांच्या आजोबांनी एका परक्या मिस्त्रीच्या हाताखाली काम केलं होतं. तो मिस्त्री खाली बसून काम करायचा, पायाच्या अंगठ्यानं फळी दाबून धरायचा, आणि त्याची बोली इथली नव्हती. रेल्वेच्या कामावर आला, काम संपलं तरी गेला नाही. त्याचं नाव काकांना माहीत नव्हतं. "सारे मिस्त्रीच म्हनत. नाव कोन पुसते?"

डाव्या दाराच्या आतल्या कडेवर, बिजागरीखाली, शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. उजव्यावरही. धूळ पुसली तेव्हा अक्षरं दिसली, आणि त्यांना वर रेघ नव्हती. मला आधी वाटलं मोडी असेल. मोडी ओळखणाऱ्या एका मास्तरांनी ती झटकून टाकली, उलट मोडीला रेघ आधी ओढून घेतात, म्हणाले. गोंदियाच्या बाजारातल्या एका गुजराती दुकानदारानं फोटो पाहिला आणि बिल करता करता वाचून दाखवला: एका दारावर 'डाबी', दुसऱ्यावर 'जमणी'. डावी आणि उजवी. सुतारानं जोडणी चुकू नये म्हणून स्वतःसाठी लिहून ठेवलेलं.

गोंदियात गुजरातीचं नवल नाही. विडीचा, धानाचा, लाखेचा व्यापार ज्या घराण्यांनी वाढवला त्यांतली कितीतरी तिकडून आलेली. पण व्यापाऱ्यांइतकेच कच्छचे मिस्त्रीही आले, आणि त्यांची आठवण कमी काढली जाते. पूल, मोऱ्या, स्टेशनं बांधणारे हे ठेकेदार आणि कारागीर देशभर लोहमार्गाच्या मागोमाग पांगले. बंगाल-नागपूरच्या वाटेवर ठिकठिकाणी त्यांची घरं पडली. पूल रोज बांधायचा नसतो. मधल्या काळात गावच्या मालगुजाराला आलमारी करून द्यायला काय हरकत? त्याच काळात तिकडे अहमदाबादेत लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचा अमेरिकन, मगनभाई हठीसिंगांना हाताशी धरून, 1881 पासून सागाचं कोरीव काम न्यूयॉर्कला पाठवत होता. अँड्र्यू कार्नेगीच्या हवेलीतली एक खोली त्यानं अशा सागानं मढवली, ती अजून पाहायला मिळते. मुंबईत काळ्या शिसवीच्या फर्निचरचा बाजार तेजीत होता, त्यावर वेल, फळं, पंजे असं सगळं विलायती आणि देशी एकत्र नांदत असे. आमच्या दारांवरची द्राक्षं मला त्या बाजारातून आलेली वाटतात. नागऱ्याच्या देवळाचे खांब पाहून मिस्त्रीनं नक्षी उचलली, असं गावात काहीजण सांगतात. मी देवळात जाऊन ताडून पाहिलं. कमळं जुळतात, पण कमळं सगळ्याच देवळांत जुळतात. द्राक्षं तिथे नाहीत. ज्या गावात द्राक्षाचा वेल कुणी पाहिला नव्हता त्या गावात ती लाकडात पिकली, म्हणजे नमुना छापील होता, नाहीतर हातात मुरलेला होता.

इथवर सगळं नीट बसलं होतं. मग मी काकांना वरच्या पट्टीबद्दल विचारलं.

त्यांनी ती शेवटी ठेवली होती, मुद्दाम. पट्टी आलमारीची नाहीच, ते म्हणाले. मी शिडीवर चढून पाहिलं. जाडी दारांच्या दुप्पट. मागची बाजू रंध्यानं साफ केलेली नाही, वाकसानं तासलेली, खवल्यांसारखे ठसे. दोन्ही टोकं नंतर कापलेली, कारण डावीकडच्या हत्तीची शेपटी अर्धी गेलेली होती. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि खालच्या बाजूला दोन गोल खळगे, आतून घासून गुळगुळीत झालेले, ज्यांचं आलमारीत काहीच काम नव्हतं. ते खळगे दाराचे. बिजागऱ्या येण्याआधी दाराच्या फळीलाच वर-खाली लाकडी खुंट ठेवत; खालचा उंबरठ्यातल्या खळग्यात, वरचा चौकटीच्या पट्टीत, आणि दार त्यावर फिरे. आमचा मुकुट म्हणजे कुठल्यातरी वाड्याच्या दारावरची गणेशपट्टी होती. मिस्त्रीनं, किंवा ज्यानं आलमारी करवून घेतली त्यानं, ती टोकं छाटून वर चढवली. मागचा काळा थर काजळीचाच होता.

आजीचं बोट नेमकं तिथेच जायचं. लुगडी दारांच्या आत होती, द्राक्षं दारांवर होती, पण जळून वाचल्याची गोष्ट सांगताना ती हात वर करून पट्टीलाच शिवायची. घरात आलमारी येण्याआधी पट्टी आली असेल आणि तिच्याबरोबर तिची गोष्ट आली असेल. पुढे पट्टी आलमारीला लागली आणि गोष्टही आलमारीला लागली. मला हा उलगडा पटतो. ती काजळी राजवाड्याच्या आगीची, हे मात्र मी म्हणणार नाही. ज्या घरात चूल पेटते त्या घराच्या दारावर काजळी धरते, आणि तिला 1864 हे साल लिहून घ्यायची सवय नसते.

जुन्या वस्तूंचा धंदा करणारे एक गृहस्थ एकदा नागपूरहून येऊन गेले. त्यांनी समोरून पाहिलं, मागे गेलेच नाहीत, आणि भोसलेकालीन म्हणून किंमत सांगितली. शंभर वर्षांपुढची कारागिरी 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, मग इतकी जुनी नसेल. जाताना सल्ला दिला: पट्टी वेगळी विका, गणपतीला गिऱ्हाईक आहे.

पट्टी कुठून आली याचा माग मात्र लागला, निदान एका गावापर्यंत. इंग्रजांनी 1860 नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांचे मालक केलं. त्यांनी वाडे बांधले, आणि ज्यांना आपण आता मामा तलाव म्हणतो ते तलाव राखले. 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले, नावापुढे 'माजी' लागलं, आणि वाडे हळूहळू फळी फळीनं विकले गेले. पण वाड्यांची मोडतोड त्याआधीही होतच होती: वाटण्या, कर्ज, पडझड. वडिलांच्या कागदांत एक चिठ्ठी निघाली, शेजारच्या गावच्या मालगुजाराकडून 'जुने लाकूड' घेतल्याची. रक्कम आहे, वस्तूचं नाव नाही, साल फाटलेल्या कोपऱ्यात गेलेलं.

त्या गावी गेलो. वाड्याच्या जागी आता लोखंडी शटरचं गोदाम, धानाची पोती. मालगुजारांच्या घरातले एक गृहस्थ हसून म्हणाले, दार गेलं, चौकट गेली, पण उंबरठा काढता आला नाही म्हणून राहिला आहे, बसायला बरा पडतो. सागाचा जाड उंबरठा, मधोमध झिजून खोल झालेला, आणि त्यात दोन खळगे. मी सोबत पट्टीच्या खळग्यांतलं अंतर सुतळीवर गाठ मारून नेलं होतं. सुतळी धरली. गाठ बरोबर खळग्यावर आली.

परत येऊन काकांना सांगितलं तेव्हा ते अंथरुणावर होते. त्यांनी ऐकलं, आणि विचारलं, अंतर किती? मी हात पसरून दाखवलं. "तेवढंच रायते जी," ते म्हणाले. "माझ्या बापानं केलेलं एकेक दार तेवढंच होय. डोक्यावर धानाचा कट्टा घेऊन मानूस गेला पायजे, बैल नाई गेला पायजे."

आत्याला मी सगळं सविस्तर सांगितलं: स्क्रू, बीजा, कच्छचा मिस्त्री, उंबरठा, सुतळी. ती आता नव्वदीच्या पुढे आहे आणि आजीची गोष्ट सांगण्याचं काम तिच्याकडे आलं आहे. तिनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे भोसल्यानं ते दार मालगुजाराले देल्लं."

हे असं झालं नसेलच, असं सिद्ध करता येण्यासारखा एकही पुरावा माझ्याजवळ नाही, आणि ते तिच्या ध्यानात आलं आहे. यंदाच्या शिवरात्रीला पाहुण्यांना तिनं तशीच गोष्ट सांगितली, मिस्त्री आणि द्राक्षं धरून, जरा लांबवून.